रविवारीच बाहेर निघणारी गाडी आणि स्मार्ट चार्जर: एक पावसाळा, एक उन्हाळा काढल्यानंतर

आधी निष्कर्ष सांगते. तुमची गाडी रोज तासभर नीट पळत असेल तर गाडीच्या १२ व्होल्ट बॅटरीच्या या चार्जरवर पैसे घालू नका. पण मुंबईत आमच्यासारखी कितीतरी घरं अशी आहेत जिथे सोमवार ते शनिवार सगळे लोकलने जातात आणि गाडी बिल्डिंगखाली उभी असते. त्यांच्यासाठी चार अँपिअरचा स्मार्ट चार्जर आणि साधा डिजिटल मल्टिमीटर या दोन वस्तू मी मनापासून सुचवेन.

आमची छोटी पेट्रोल-सीएनजी गाडी मुलुंडला स्टिल्ट पार्किंगमध्ये असते. बॅटरी ३५ अँपिअर-अवरची (म्हणजे एक अँपिअर घेतला तर ढोबळमानाने ३५ तास पुरणारी), चौथं वर्ष चालू आहे. मागच्या पावसाळ्याच्या तोंडावर चार्जर घेतला, तेव्हा सकाळी सेल्फ मारला की इंजिन जड आवाज करायचं. गॅरेजवाल्याचं म्हणणं होतं की बॅटरी बदलायला झाली.

अशा वेळी शेजारीपाजारी एकच सल्ला देतात: रोज दहा मिनिटं गाडी चालू करून ठेवा. हा सल्ला किती तोकडा आहे ते हिशेब केल्यावर कळतं. सेल्फ मारताना दीडशे-दोनशे अँपिअर लागतात खरे, पण सेकंद-दोन सेकंदच. म्हणजे खर्च अँपिअर-अवरच्या दहाव्या भागाच्या आसपास. खरी गळती उभ्या गाडीत होते. सेंट्रल लॉक, अलार्म, घड्याळ, ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) मिळून ३० ते ५० मिलिअँपिअर सतत खेचत असतात. ५० धरले तर आठवड्याला ८ अँपिअर-अवरच्या वर, पंधरा दिवसांत जवळजवळ अर्धी बॅटरी. डॅशकॅम पार्किंग मोडवर असेल आणि पाव अँपिअर घेत असेल, तर दिवसाला ६. जागेवर दहा मिनिटं इंजिन चालवून त्यातलं जेमतेम एक-दीड परत येतं. शिवाय लेड-ॲसिड बॅटरी भरत आली की चार्ज हळूहळू घेते, शेवटच्या टप्प्याला तास लागतात. ते तास चार्जरच देऊ शकतो.

अर्धवट उतरलेली बॅटरी तशीच ठेवली की प्लेट्सवर लेड सल्फेटचे स्फटिक बसतात. वेळेत चार्ज केलं तर ते विरघळतात. राहिले तर कडक होतात आणि मग चार्जिंगलाही दाद देत नाहीत. त्यात आपली हवा. उष्णतेने बॅटरी स्वतःहून लवकर उतरते, पाणीही लवकर कमी होतं.

मल्टिमीटरमुळे अंदाजपंचे काम थांबलं. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी मोजायचं, बंद केल्या केल्या नाही. तेव्हा आकडा फसवा, जास्त येतो. १२.६ व्होल्ट किंवा वर म्हणजे पूर्ण भरलेली, १२.४ म्हणजे साधारण पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी. आमची पंधरवडाभर उभी राहिली की १२.२ च्या आसपास यायची. आता १२.४ च्या खाली गेली की त्या रात्री चार्जर लावायचा, हा घरचा नियम झाला आहे. सकाळी चार्जर काढून दोन-तीन तासांनी मोजलं की १२.७ दिसतं, आणि सेल्फ पहिल्या फटक्यात लागतो. बॅटरी अजून तीच आहे. इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.४ दिसत नसेल तर मात्र दोष अल्टरनेटरकडे (इंजिनवर फिरून बॅटरी भरणारा जनरेटर) शोधा, बॅटरीला बोल लावू नका.

स्मार्ट चार्जरचा खरा फायदा हा की बॅटरी भरली की तो आपोआप साडेतेरा व्होल्टच्या आसपास उतरतो. जुन्या साध्या चार्जरखाली बॅटरी रात्रभर उकळायची, पाणी आटायचं. आता रात्री लावून झोपता येतं.

सोसायटीत प्लगचा प्रश्न येतोच. आमच्या सेक्रेटरी काकांना वाटलं, कॉमन मीटरवर मोठा भार पडणार. त्यांना हिशेब दाखवला: अर्धी उतरलेली एवढी बॅटरी भरायला अर्धा युनिटसुद्धा लागत नाही. महिन्याला ठरावीक रक्कम देते, विषय मिटला.

चार्जरच्या उणिवाही लिहिते. वायर फारच आखूड आहे, खांबावरच्या प्लगपासून एक्स्टेन्शन ओढावीच लागते. पावसाळ्यात चिमट्यांना गंज धरला. आणि पार बसलेली बॅटरी हा ओळखतच नाही, त्यामुळे जंप स्टार्टला (दुसऱ्या बॅटरीला जोडून गाडी चालू करण्याला) पर्याय म्हणून घेऊ नका.

लावताना आधी चिमटे, मग प्लगचं बटण, काढताना उलट. चार्ज होताना हायड्रोजन निघतो, त्यामुळे ठिणगी नको, हवा खेळती हवी. स्टार्ट-स्टॉपच्या (सिग्नलला इंजिन आपोआप बंद होणाऱ्या) गाड्यांमध्ये बहुधा निगेटिव्ह टर्मिनलवर सेन्सर असतो, तिथे काळा चिमटा टर्मिनलला न लावता बॉडीच्या अर्थला लावतात. बॅटरी एजीएम (ॲसिड काचतंतूंच्या थरात शोषलेली सीलबंद) प्रकारची असेल तर चार्जरला तो मोड आहे ना ते बघून घ्या.

टर्मिनलवर पांढरट-हिरवी पूड आली तर कोमट पाण्यात खायचा सोडा घालून ब्रशने साफ करायचं, कोरडं करून पेट्रोलियम जेली. पाणी घालायच्या झाकणांची बॅटरी असेल तर डिस्टिल्ड वॉटर, तेही चार्जिंगनंतर. नळाचं पाणी कधीच नाही.

ज्यांची गाडी रस्त्यावर उभी असते, प्लगच नाही, त्यांनी गणपतीला किंवा मे महिन्यात गावी जाताना निगेटिव्ह टर्मिनल सोडून ठेवावा. दहा नंबरचा पाना पुरतो. गळती थांबते, बॅटरी फक्त स्वतःच्या गतीने उतरते. त्याआधी म्युझिक सिस्टीमला कोड लागतो का ते मॅन्युअलमध्ये पाहा, आणि किल्ली खिशात ठेवूनच बॉनेट उघडा, कारण काही गाड्यांचं सेंट्रल लॉक बॅटरी परत जोडताना आपोआप लागतं.