बेलरवाल्याला गठ्ठ्यावर भाव देऊ नका, मी साडेचार हजाराला बुडालोय

मुरबाडला आमची तीन एकर भातशेती आणि सहा म्हशी, दूध कल्याणला जातं. आजपर्यंत पेंढा आम्ही हाताने बांधून उडवी रचायचो, पण गेल्या वर्षी माणसंच मिळेनात म्हणून भात हार्वेस्टरने काढलं आणि शेतात पडलेला पेंढा गोळा करायला बेलर, म्हणजे पेंढा उचलून गठ्ठे बांधणारं मशीन, लावला. स्वतःचा बेलर घ्यायचा तर तो ओढायला दमदार ट्रॅक्टर लागतो, तीन एकरासाठी ते परवडत नाही, त्यामुळे भाड्याने घेतला यात चूक नव्हती. चूक झाली भाव ठरवताना.

बेलरवाला बोलला गठ्ठ्याला ३५ रुपये, गठ्ठा २२ किलोच्या खाली बसणार नाही. मी हो म्हटलं. भाऊ बोलला होता सकाळी दव असतं, दुपारी मशीन लावायला सांग, तर बेलरवाला बोलतो दुपारी मला दुसऱ्याचं शेत आहे, आत्ता नाही तर आठवड्याने येईन. पावसाचं सावट होतं, मी घाबरून आठ वाजताच चालू करायला दिलं. संध्याकाळी ३१० गठ्ठे मोजून १०,८५० रुपये रोख दिले, मनात खूश की आपला पेंढा एवढा निघाला.

चार दिवसांनी गोठ्यात गठ्ठा उचलला तर हलका लागला. घरच्या काट्यावर दहा टाकले, ११ ते १३ किलो. मग लक्षात आलं, मशीनचा ड्रम पूर्ण भरायच्या आधीच सुतळी गुंडाळून गठ्ठा बाहेर टाकत होता, बाहेरून दिसायला गोल आणि मोठा, पण बोटं दाबली की आत जातात. पेंढा होता चार टनाच्या आत. २२ किलोने बांधला असता तर १८० च्या आत गठ्ठे, म्हणजे ६,३०० रुपये, बाकी साडेचार हजार मी हवेचे दिले. फोन केला तर बोलला, साहेब तुमचा पेंढाच हलका होता. आता उचलतच नाही.

पैसे गेले त्यापेक्षा जास्त वाईट वाटतं ते दवाचं. पंधरा दिवसांनी खालच्या थरात हात घातला तर गरम लागला, फोडले तर आत पांढरी बुरशी आणि कुबट वास. ओला पेंढा दाबून ठेवला की आतून तापतो, कधी कधी पेटतो पण, त्यामुळे त्याच रात्री सगळी थप्पी उघडून लांब लांब मांडली. त्याआधी चार दिवस तेच म्हशींपुढे टाकलं होतं, दोघींनी तोंड लावलं नाही, एक हगवणीला लागली, आणि डॉक्टर बोलले गाभण म्हशीला असलं अजिबात घालू नका, गर्भ पडू शकतो. आमची एक गाभण होती, त्या रात्री आई गोठ्यातच बसून होती. म्हैस सुखरूप व्याली, पण तो महिना आठवला तरी पोटात गोळा येतो.

कमी पडलेला चारा मग विकत घ्यावा लागला. तिथे निदान वजनावर भाव असतो, पण ओला माल असेल तर तुम्ही पाणी विकत घेता. १,००० किलोत ३० टक्के ओल असेल तर सुका चारा ७०० किलोच, १२ टक्के असेल तर ८८०. म्हणून गाडीच्या मधले दोन गठ्ठे खाली ओढून फोडून बघा, वरचे सगळे सुकेच असतात, आणि भरलेल्या गाडीसोबत रिकाम्या गाडीची काट्याची पावती पण मागा, वजन करताना स्वतः उभे रहा.

यंदा दोन एकराचा पेंढा घरच्यांनी हाताने बांधलाय. उरलेल्या एकरासाठी नवा बेलरवाला बघितला, त्याला आधीच सांगितलं की दुपारी बाराच्या आधी मशीन शेतात घालायचं नाही, कुठलेही दहा गठ्ठे मी निवडून काट्यावर टाकणार आणि त्या सरासरीने किलोवर पैसे देणार. तो लगेच तयार झाला.