बाळासाठी टोफू कोणता घ्यायचा? सिल्कन, मऊ आणि घट्ट, तिन्ही वापरून झालेत

आधीच सांगते, घरात बाळ असेल आणि टोफू, म्हणजे सोयाबीनच्या दुधाचं पनीर, घ्यायचा असेल तर पाकिटाच्या पुढच्या बाजूला काय लिहिलंय ते वाचतच बसू नका, पाकीट उलटं करा. हाय प्रोटीन, व्हीगन, लो कार्ब हे सगळं मोठ्या माणसांसाठी असतं, बाळाला त्याचं काय. बाळाच्या दृष्टीने दोनच गोष्टी बघायच्या, तो किती मऊ आहे आणि कशाने घट्ट केलाय. बाकी मीठ-मसाला घातलेला नसला म्हणजे झालं.

आमच्याकडे सध्या एक आठ महिन्यांचा आणि एक अडीच वर्षांची असे दोन मेंबर आहेत, पूर्ण शाकाहारी घर, अंडंसुद्धा नाही, त्यामुळे वरण, मूग, पनीर आणि परत वरण असंच चालू असतं. लेकीला पनीर आवडायचं पण ती ते चघळून चघळून गालात धरून ठेवायची, आणि धाकट्याला तर पनीर देववतच नाही, रबरासारखं होतं ते गार झालं की. म्हणून टोफूकडे वळले. आता फ्रीजमध्ये कायम असतो आणि पुण्यात मिळणारे बहुतेक प्रकार वापरून झालेत म्हणून सविस्तर लिहितेय, कारण मी शोधत होते तेव्हा जिमवाल्यांचेच रिव्ह्यू मिळत होते.

मागच्या बाजूचं आधी. टोफू म्हणजे सोयाबीनचं दूध तापवून त्यात काहीतरी घालून ते गोळा करायचं, आपण लिंबू पिळून दूध नासवतो तसंच. ते काहीतरी म्हणजे काय ते घटकांच्या यादीत असतं, कधी नावाने तर कधी नुसता नंबर. आयएनएस (खाद्यपदार्थात घातलेल्या घटकांना दिलेला आंतरराष्ट्रीय नंबर) ५१६ म्हणजे कॅल्शियम सल्फेट, ५०९ म्हणजे कॅल्शियम क्लोराईड, ५११ म्हणजे मॅग्नेशियम क्लोराईड, जपानी लोक ज्याला निगारी म्हणतात ते, आणि ५७५ म्हणजे जीडीएल (ग्लुकोनो डेल्टा लॅक्टोन), हे सिल्कनमध्ये, म्हणजे सगळ्यात मऊ प्रकारात असतं. कुठलंच वाईट नाही. पण ५१६ वाल्या टोफूत कॅल्शियम बरंच जास्त येतं, आणि ज्या मुलांना दुधाचे पदार्थ चालत नाहीत किंवा जी दूध बघितलं की तोंड फिरवतात त्यांच्यासाठी हा फरक मोठा आहे. मी आता दोन पाकिटं सारखीच दिसली तर नंबर बघून ५१६ वालं उचलते. काही कंपन्या कॅल्शियमचा आकडासुद्धा छापतात, तो असला तर उत्तमच.

सिल्कनपासून सुरू करते, कारण सहा-सात महिन्यांच्या बाळासाठी हाच. टेट्रा पॅकमध्ये येतो, बाहेरच्या देशातून आलेला असतो बहुतेक, म्हणून महाग आहे, आमच्या इथे एका खोक्याला अडीचशे-तीनशे रुपये सहज जातात. उघडलं की आतला टोफू अगदी थरथरतो, हातात धरला तर तुटतो, सुरी लावायची गरजच नाही, चमच्याने काढायचा. जपानमध्ये बाळाला वरचं खाणं सुरू करतात तेव्हा तांदळाची पेज आणि भाज्यांच्या पाठोपाठ टोफू येतोच, हाच मऊवाला, गरम पाण्यातून काढून कुस्करलेला. मी पण तसंच करते, पाणी उकळलं की दोन-तीन चमचे टोफू त्यात अलगद सोडायचा, दोन-तीन मिनिटं ठेवून गाळणीवर काढायचा आणि चमच्याच्या पाठीने दाबायचा. एक गुठळी राहत नाही, मिक्सर लागत नाही. मग लाल भोपळ्यात कालवा, रताळ्यात कालवा, मऊ भात आणि मुगाच्या वरणात घाला, वरून साजूक तूप. चव जवळजवळ नसतेच म्हणून ज्यात घालाल त्याची चव घेतो. आमच्या धाकट्याला भोपळा आणि टोफू इतकं आवडतं की वाटी बाजूला घेतली तर रडतो. केळं, नाचणीची खळ आणि सिल्कन टोफू एकत्र घोटलं तर पुडिंगसारखं होतं, ते दोघंही खातात, साखर-गूळ काही लागत नाही.

पण एक लक्षात घ्या, सिल्कनमध्ये पाणी भरपूर, प्रोटीन १०० ग्रॅमला साधारण ५-६ ग्रॅमच, घट्ट टोफूत ते १२ ते १६ पर्यंत जातं. म्हणजे मऊपणासाठी उत्तम, पोटभरीसाठी तेवढा नाही. आणि खोकं उघडलं की दोन-तीन दिवसांत संपवावं लागतं, एकटं बाळ केवढं खाणार, त्यामुळे उरलेला आम्ही टोमॅटो सूपमध्ये घालून टाकतो, सूप क्रीम न घालता दाट होतं. किंमत बघता रोजचा म्हणून सिल्कन परवडत नाही, सुरुवातीला काही आठवडे घ्या आणि पुढच्यावर या.

पुढचा म्हणजे फ्रीजमध्ये पाण्यासकट पाकिटात मिळणारा साधा मऊ टोफू, २०० ग्रॅमचा चौकोन, ८० ते १०० रुपयांच्या आसपास, म्हणजे पनीरच्याच भावात. माझं मत विचाराल तर आठ-नऊ महिन्यांपासून पुढे हाच सगळ्यात कामाचा. बोटाने हलका दाबला की खड्डा पडतो पण फुटत नाही, असा हवा. दबतच नसेल तर तो घट्ट प्रकार आहे, पाकिटावर सॉफ्ट लिहिलेलं असो नसो.

याच्या मी लांब पट्ट्या कापते, मोठ्या माणसाच्या बोटाएवढ्या, कारण या वयात बाळ अख्ख्या मुठीत पकडतं आणि मुठीच्या वर आलेलं तेवढंच खातं, छोटा तुकडा दिला तर तो मुठीत गायब होतो आणि बाळ चिडतं. नऊ-दहा महिन्यांनंतर चिमटीत धरता यायला लागलं की मग चण्याएवढे तुकडे. आता टोफू ओला असतो, हातातून सटकतो, म्हणून पट्ट्या तव्यावर थोड्याशा तुपात टाकायच्या, चिमूटभर हळद, जिरेपूड, आणि दोन्ही बाजूंनी फक्त रंग येईपर्यंत. कुरकुरीत करायचा नाही अजिबात, बाहेरची साल कडक झाली की बिनदाताच्या बाळाला ती चावता येत नाही. सटकण्यावर अजून एक उपाय म्हणजे नाचणीच्या पिठात किंवा बारीक तिळाच्या कुटात घोळवणं, पकड चांगली बसते आणि कुटाने चवही येते. तीळ पहिल्यांदा देत असाल तर टोफूच्याच दिवशी नको, ती दोन्ही अ‍ॅलर्जीवाली मंडळी आहेत, त्यावर खाली लिहिलंय.

मीठ वर्षाच्या आत आम्ही घालत नाही, आणि इथे टोफू चीजपेक्षा कितीतरी बरा पडतो, साध्या टोफूत मीठ जवळजवळ नसतंच. चीजचे क्यूब बाळांना सर्रास दिले जातात पण त्यात मीठ किती असतं ते एकदा वाचून बघा.

घट्ट टोफू माझ्या लेकीसाठी. मोठी दुकानं आणि ॲप्सवर हाच जास्त मिळतो. पट्ट्या करून दिला तर ती खात नाही, कोरडा लागतो तिला, पण किसला की सगळीकडे जातो. थालीपिठाच्या भाजणीत किसून घातला की थालीपीठ मऊ राहतं, दुपारी गार झालं तरी. पराठ्यात भरायचा असेल तर किसून फडक्यात घट्ट पिळून घ्या, नाहीतर पाणी सुटतं आणि लाटताना पोळी फाटते. भुर्जी मात्र बेस्ट, कांदा-टोमॅटो चांगला शिजवून त्यात कुस्करलेला टोफू, हळद, वरून कोथिंबीर आणि लिंबू. लिंबू फक्त चवीला नाही हं, सोयाबीनमध्ये लोह असतं पण झाडातून मिळणारं लोह अंगी लागायला सी व्हिटॅमिन सोबत लागतं, म्हणून टोफूबरोबर टोमॅटो, लिंबू, पेरू असं काहीतरी मी ठेवतेच. शाकाहारी मुलांच्या बाबतीत ही गोष्ट खरंच गांभीर्याने घ्या, सहा महिन्यांनंतर नुसत्या दुधातून मिळणारं लोह पुरत नाही.

फ्रीझरमध्ये टाकलेला टोफू बाहेर काढला की स्पंजसारखा होतो, पिवळट दिसतो, तो खराब नसतो, पण चिवट होतो म्हणून बाळाला नको. लेकीला मात्र तो आमटीत आवडतो कारण सगळी आमटी शोषून घेतो.

घेऊ नका असे दोन. एक म्हणजे मॅरिनेट केलेला, पेरीपेरी, स्मोक्ड वगैरे, छान लागतो पण मीठ आणि तिखट दोन्ही जास्त, मुलांसाठी नाहीच. दुसरा सुटा टोफू, उघड्या टपात पाण्यात ठेवलेला. आमच्या जवळच्या एका डेअरीत मिळतो, स्वस्त आहे, सोया पनीर म्हणून विकतात, पण पाणी कधी बदललं, कधीचा आहे काहीच कळत नाही, एकदा आणला तर वरून बुळबुळीत आणि आंबूस वास. मोठ्यांचं पोट एकवेळ सोसेल, बाळाचं नाही. आणि ॲपवरून मागवत असाल तर पाकीट फुगलंय का ते बघा, मला एकदा फुगलेलं आलं होतं, लगेच परत केलं. टोफू ताजा असेल तर वास सोयाबीनच्या दुधाचाच येतो, हलकासा, आंबट वास आला की सरळ टाकून द्यायचा.

आता अ‍ॅलर्जी. सोया हा अ‍ॅलर्जी होऊ शकणाऱ्या मुख्य पदार्थांपैकी एक आहे, म्हणून आपल्याकडे पाकिटावर तसं छापावं लागतं. पहिल्यांदा द्यायचा तो सकाळी द्या, चमचाभरच द्या, त्या दिवशी दुसरा नवीन पदार्थ नको, आणि पुढचे दोन-तीन दिवस लक्ष ठेवा. अंगावर गांधी, ओठ-डोळे सुजणं हे तर लगेच कळतं, पण काही बाळांना खाल्ल्यावर एक ते चार तासांनी जोरात उलट्यांवर उलट्या होतात आणि बाळ एकदम मलूल पडतं, तेव्हा बाधलं असेल म्हणून घरी थांबू नका, दवाखाना गाठा. ज्या बाळांना गायीच्या दुधाची अ‍ॅलर्जी आहे त्यातल्या काहींना सोयाही चालत नाही, त्यांनी आधी डॉक्टरांना विचारूनच. बाळाला थायरॉइडचं औषध चालू असेल तरी विचारा, सोयामुळे ते औषध नीट शोषलं जात नाही.

सासूबाईंचा पहिला प्रश्न होता, "अगं, मुलग्याला सोयाबीन द्यायचं नसतं म्हणतात ना?" मी म्हटलं, "आई, आपण डॉक्टर मॅडमनाच विचारू, तुम्हीपण चला." मॅडमनी त्यांना नीट समजावलं की जेवणातला एक पदार्थ म्हणून आठवड्यातून काही वेळा टोफू दिला तर घाबरायचं कारण नाही, फक्त रोज तिन्ही त्रिकाळ तेच नको, आणि सोया मिल्क हे वर्षाच्या आतल्या बाळाला अंगावरच्या दुधाच्या किंवा फॉर्म्युलाच्या जागी चालत नाही. आता सासूबाईच भोपळा वाफवताना विचारतात की टोफू काढू का.

मला मनापासून वाईट वाटतं ते दुसऱ्याच गोष्टीचं. माझं माहेर लातूरकडचं, आमच्याकडे खरिपात जिकडे बघावं तिकडे सोयाबीन, लातूरचं मार्केट सोयाबीनसाठी देशात मोठं, पण ते सगळं तेलाच्या मिलला जातं आणि पेंड कोंबड्या-जनावरांना. पिकवणाऱ्याच्या घरातलं पोर मात्र बिस्किट आणि चहावर. भोपाळला केंद्रीय कृषी अभियांत्रिकी संस्थेत (सीआयएई), ही सरकारी संस्था आहे, सोया पनीर करायचं ट्रेनिंग देतात, आपल्याकडच्या बचत गटांनी हे जोरात उचलावं असं फार वाटतं. घरीही होतो, फक्त सोयाबीन रात्रभर भिजवून वाटल्यावर ते दूध चांगलं उकळायला हवं, नुसतं गरम करून चालत नाही, कच्च्या सोयाबीनमध्ये पचनाला अडवणारे घटक असतात ते उष्णतेनेच जातात. उकळताना खूप फेस येऊन उतू जातं, पातेलं मोठं घ्या. घरच्या टोफूची चव पाकिटापेक्षा चांगली लागते पण मेहनत आहे, तान्हं बाळ कडेवर असताना रोज जमणारं काम नाही.

पाकीट उघडलं की उरलेला टोफू झाकणाच्या डब्यात, बुडेल इतक्या पिण्याच्या पाण्यात, फ्रीजमध्ये ठेवायचा आणि पाणी रोज बदलायचं, मोठ्यांना चार दिवसही चालतो पण बाळासाठी मी तिसऱ्या दिवसानंतर वापरत नाही. बाळाच्या उष्ट्या वाटीतला मात्र परत डब्यात टाकू नका. प्रवासाला जाताना मी सिल्कनचं बंद खोकं घेते, फ्रीजमध्ये न ठेवता टिकणारं असतं, तसं लिहिलेलं आहे ना ते बघून घ्या. लातूरला जाताना रेल्वेत दुपारच्या जेवणाला थर्मासचं गरम पाणी घालून दोन मिनिटं ठेवलं आणि घरून नेलेल्या मऊ भातात कालवलं की बाळाचं जेवण तयार, उरलेलं आम्ही मोठ्यांनी तिथेच संपवायचं, उघडलेलं खोकं पुढच्या जेवणापर्यंत बाहेर ठेवायचं नाही.