पुण्याची पदवी, कॅलिफोर्नियाचं कॉलेज: फॅफ्सा भरावा की नुसती फी माफी घ्यावी?

ग्रीन कार्ड हातात आलं, मुलं शाळेत रुळली, आणि आता आपणही कम्युनिटी कॉलेजात (दोन वर्षांच्या सरकारी कॉलेजात) अकाउंटिंग किंवा बालशिक्षणाचा कोर्स करावा असं वाटू लागलं, की पहिला हिशोब पैशांचा सुरू होतो. मदतीचे दोन अर्ज समोर असतात. एक अमेरिकेच्या केंद्र सरकारचा फॅफ्सा (विद्यार्थ्यांच्या आर्थिक मदतीचा अर्ज), दुसरा कॉलेजचा फी माफीचा छोटा अर्ज. "दोन्हींत फरक काय, आणि मी कुठला भरू?" हे मला इतक्या जणींनी विचारलंय की एकदा नीट लिहून काढते.

आधी रक्कम बघा. कॅलिफोर्नियाच्या कम्युनिटी कॉलेजांत राज्याच्या रहिवाशाला एका युनिटला (कोर्स किती मोठा हे मोजायचं माप) 46 डॉलर फी पडते, आणि 2012 पासून ती वाढलेली नाही. सेमिस्टरला 12 युनिट घेतले तर 552, वर्षाचे 1,104. (क्युपर्टिनोच्या डी अँझासारख्या क्वार्टरवाल्या, म्हणजे सेमिस्टरपेक्षा छोट्या सत्रांच्या, कॉलेजात हाच दर युनिटला 31 डॉलर होतो.) 'रहिवासी' या शब्दाकडे मात्र लक्ष द्या. राज्यात एक वर्ष आणि एक दिवस पूर्ण झालेला नसेल तर बहुतेक ठिकाणी युनिटमागे तीनशे डॉलरच्या वर मोजावे लागतात. मग मदतीचा विचार करण्याआधी थोडं थांबणंच शहाणपणाचं.

फी माफीचं अधिकृत नाव कॅलिफोर्निया कॉलेज प्रॉमिस ग्रँट. जुने लोक अजून 'बॉग' म्हणतात. यात हातात पैसे येत नाहीत, फक्त ती 46 डॉलरवाली फी माफ होते. पुस्तकं, पार्किंग, हेल्थ फी आपल्याच खिशातून. पण अर्ज लहान आहे. घरात किती माणसं आणि वर्षाचं उत्पन्न किती, एवढ्यावर तो बघितला जातो, आणि मर्यादा सरकारी दारिद्र्यरेषेच्या दीडपट असते. बचत, फ्लॅट, एफडी याबद्दल विचारत नाहीत. एकच युनिट घेतलं तरी चालतं.

फॅफ्साची ताकद वेगळी आहे, कारण त्यातून पेल ग्रँट, म्हणजे केंद्राची थेट पैशांची मदत, मिळते. 2025-26 साठी तिची कमाल रक्कम 7,395 डॉलर आहे. पूर्ण रक्कम मिळाली आणि फी आधीच माफ असली, तर उरलेले पैसे पुस्तकांना, बसच्या पासाला, घरभाड्याला वापरता येतात. परत फेडायचे नसतात. म्हणूनच बारावी झालेल्या मुलासाठी आईबाप विचारतात तेव्हा माझं उत्तर एका शब्दाचं असतं: फॅफ्सा. त्यावरूनच कॉलेज फी माफीही तपासतं आणि कॅल ग्रँटचाही (राज्याच्या मदतीचा) विचार होतो. आपलं उत्पन्न जास्त आहे, काही मिळणार नाही, असं आधीच ठरवून अर्ज टाळू नका.

आपल्या वयाच्या, भारतात शिकून आलेल्या बाईचं गणित मात्र इथेच बदलतं.

मी फॅफ्सा भरायला बसले ती रात्रीची वेळ होती. मुलं झोपलेली, डायनिंग टेबलावर नवऱ्याच्या टॅक्स रिटर्नचे कागद पसरलेले. सगळं सुरळीत चाललं होतं, आणि मग प्रश्न आला: कॉलेज सुरू होण्याआधी तुमची पहिली बॅचलर पदवी झालेली असेल का? माझं बी.कॉम.चं प्रमाणपत्र मागच्या खोलीत फाइलमध्ये होतं, कडा पिवळ्या पडलेलं. एका ओळखीच्या बाईंनी आधीच सांगून ठेवलं होतं, "अगं, 'नाही' लिही. पुण्याची पदवी इथे कोण बघायला येतंय?" मी 'हो' लिहिलं. पेल ग्रँट पहिली बॅचलर पदवी घेणाऱ्यांसाठीच असते आणि परदेशातली पदवीही त्यात धरतात. नोकरीच्या अर्जांत जिला कुणी किंमत दिली नाही, ती पदवी नेमकी इथे मोजली गेली. मला त्या रात्री फार वाईट वाटलं, हे लपवत नाही. तरीही 'नाही' लिहू नका. खोटी माहिती दिली तर 20,000 डॉलरपर्यंत दंड आणि तुरुंगवासही होऊ शकतो, आणि ग्रीन कार्डवाल्या माणसाने सरकारी अर्जावर खोटं लिहिणं म्हणजे पुढे सिटिझनशिपच्या वेळी स्वतःच अडचणीत सापडणं.

यात एक बारीक वाट आहे. आपली तीन वर्षांची पदवी अमेरिकेतल्या चार वर्षांच्या बॅचलरच्या बरोबरीची आहे की नाही, हे कॉलेजचं फायनान्शियल एड ऑफिस ठरवू शकतं. बरोबरीची नाही असं लेखी कागदावर दाखवता आलं तर ते पेलसाठी विचार करू शकतात. त्यासाठी पदवीचं मूल्यमापन करून घ्यावं लागतं आणि त्याचे पैसे लागतात. म्हणून आधी ऑफिसात जाऊन विचारा की तुम्ही कुठला कागद मानता, मगच खर्च करा. निर्णय त्यांचा असतो, आपण मनाने ठरवायचा नाही.

फी माफीला मात्र आधीची पदवी आड येत नाही. म्हणून पदवी असलेल्या, कमी उत्पन्नाच्या घरातल्या बाईला मी म्हणते, छोटा अर्ज आजच टाका. मग वेळ काढून फॅफ्साही भरा, कारण गरज (कॉलेजचा खर्च वजा घराची ऐपत) दिसली तर वर्क-स्टडीची कॅम्पसवरची नोकरी पदवीधरालाही मिळू शकते. शिवाय उत्पन्न दीडपटीच्या मर्यादेत बसत नसलं, तरी फॅफ्सावरून किमान 1,104 डॉलरची गरज निघाली तर फी माफी त्या वाटेनेही मिळते.

फॅफ्सा भरताना दोन गोष्टी. लग्न झालेलं असेल तर आईवडिलांची माहिती लागत नाही, नवऱ्याची लागते. टॅक्स एकत्र भरत असाल तर त्याला फॅफ्साच्या वेबसाइटवर वेगळं खातं उघडावं लागत नाही, वेगवेगळा भरत असाल तर लागतं. आणि राहतं घर मोजत नाहीत, पण कोथरूडचा भाड्याने दिलेला फ्लॅट मालमत्ता म्हणून दाखवावा लागतो, त्यावरचं कर्ज वजा करून. एच-4 किंवा एफ-1 व्हिसावर असाल तर केंद्राची मदत बंदच आहे.

कर्जाबद्दल थोडक्यात. पदवी असली तरी केंद्राचं विद्यार्थी कर्ज मिळू शकतं, पण काही कम्युनिटी कॉलेजं ते देतच नाहीत. सेमिस्टरच्या 552 डॉलरसाठी मी तरी कर्ज काढणार नाही. त्यापेक्षा कोर्सच्या यादीत पुस्तकांचा खर्च शून्य असलेले वर्ग शोधा, वेळापत्रकात त्यांच्यापुढे खूण असते.

मिळालेली मदत टिकवण्याचे नियमही वेगळे आहेत. फी माफी लागोपाठ दोन मुख्य सत्रांत जीपीए (गुणांची सरासरी) 2.0 च्या खाली गेला किंवा निम्म्यापेक्षा जास्त युनिट पूर्ण झाले नाहीत तर जाते, आणि त्यावर अपील करता येतं. पेलचे पैसे घेऊन सत्राचा 60 टक्के काळ संपण्याआधी सगळे वर्ग सोडले तर काही रक्कम परत करावी लागते. घरात आजारी माणूस असेल, तर पहिल्या सत्रात 12 ऐवजी 6 युनिट घ्या.

नव्या वर्षाचा फॅफ्सा साधारण 1 ऑक्टोबरला उघडतो. कॅल ग्रँटची मुदत 2 मार्च, कम्युनिटी कॉलेजवाल्यांसाठी आणखी एक 2 सप्टेंबर. फी माफीचा अर्ज सत्र सुरू झाल्यावरही घेतात, पण फी भरायची मुदत उलटली तर नाव वर्गातून कमी होऊ शकतं. तेव्हा नाव नोंदवाल त्याच दिवशी तो भरून टाका.