बदलत्या टोकांच्या विणायच्या सुया : चार महिने वापरल्यावर, मुख्यतः सांध्याबद्दल

भोगीच्या रात्री पावणेदहाला माझ्या सुईचा सांधा सुटला आणि २१२ पैकी ३१ टाके ओघळले. या सुयांची लाकडी टोकं सुटी असतात, ती लवचिक केबलच्या दोन्ही बाजूंना आट्यांनी बसवायची, तो जोड म्हणजे सांधा. सांधा तुटला नाही. आटे फिरत फिरत सैल झाले, लाकडी टोक हातात राहिलं आणि केबल मांडीवर घसरली. लोकर ओढली गेली तशी टाक्यांची शिडी खाली धावली, तीन ठिकाणी तर चार-चार ओळी. साडेतीन हजार रुपये मोजून घेतलेल्या वस्तूने असं करावं याचा मला फार संताप आला. पुढचा निम्मा मजकूर मी त्याच रात्री वहीत लिहून ठेवला होता, तो तसाच देते. नंतर माझं मत बदललं, तेही लिहिते. कंपनीचं नाव घालत नाही. आट्यांचे सांधे असलेले असे सेट आता बऱ्याच जणींकडे आहेत आणि मला बोलायचंय ते त्या सांध्याबद्दलच.

आधी हा सेट घेतलाच का, ते सांगते. आम्ही निफाड तालुक्यात राहतो. हिवाळ्यात पेपरात राज्यातला नीचांकी पारा म्हणून कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्राचा आकडा येतो, तो आमच्याच शिवारातला. पारा पाच-सहा अंशांवर आला की द्राक्षाचे मणी तडकायची धास्ती असते. मग हे पहाटे तीनला उठून बागेत शेकोट्या पेटवतात, पाणी सोडतात. विकतचा स्वेटर त्या धुरात आणि ओलीत दोन हंगाम टिकत नाही. म्हणून यंदा ठरवलं, यांच्यासाठी पुढून बटणांचा, गळ्यापासून खाली एकसंध उतरत जाणारा स्वेटर विणायचा. शिवण कुठेच नको, कारण उसवतं ते आधी खांद्याच्या शिवणीतच.

असा स्वेटर सरळ सुयांवर होत नाही. माझ्या हाताने ४ मिमीच्या सुईवर १० सेंमीत २२ टाके बसतात. म्हणजे २१२ टाक्यांची रुंदी झाली ९६ सेंमी, आणि माझ्या आईच्या अल्युमिनियमच्या सुया ३५ सेंमीच्या. केबलवाली सुई घ्यायलाच हवी होती. सुटी एक घ्यावी की सेट, यावर मी आठवडाभर विचार केला. सेटमध्ये आठ जोड्या आणि तीन केबल, म्हणजे जोडीमागे स्वस्त पडतं, असा हिशोब करून सेट मागवला. तो हिशोब चुकीचा होता. ते खाली येईलच.

पहिल्या महिन्यात मी फार खूश होते. थंडीत अल्युमिनियमची सुई धरली की दहा मिनिटांत बोटांची पेरं बधिर होतात. लाकडाचं तसं होत नाही. रात्री अंगणातून आत आल्यावरसुद्धा सुई हातात घेतली की लगेच विणता येतं. टोकं पुरेशी निमुळती आहेत, तीन टाके एकत्र घेताना अडत नाही. ॲक्रिलिकची लोकर धातूवरून जशी सटकते तशी लाकडावरून सटकत नाही. त्यामुळे वेग जरा कमी होतो, पण टाके एकसारखे येतात.

नंबरांबद्दल एक सूचना, कारण मी इथेच आठ दिवस घालवले. आपल्याकडच्या जुन्या सुयांवरचे नंबर इंग्लंडच्या पद्धतीचे आहेत. त्यात नंबर वाढला की सुई बारीक होते. ८ नंबर म्हणजे ४ मिमी, १० नंबर म्हणजे सव्वातीन मिमी. अमेरिकेच्या पद्धतीत उलट असतं, तिथे ८ नंबर म्हणजे ५ मिमी. मी इंटरनेटवरचा नमुना ८ नंबर बघून ४ मिमीवर सुरू केला आणि गळा लहान मुलाचा झाला. उसवून पुन्हा घातला. मिमीचाच आकडा बघा, बाकी काही बघू नका.

केबलच्या लांबीवरूनही मी कंपनीला पहिलं पत्र लिहिणार होते. पाकिटावर ८० सेंमी आणि टेपने मोजली तर ५६. उघडउघड फसवणूक वाटली. मग दोन्ही टोकं लावून मोजलं. बारा, छप्पन्न आणि बारा, ऐंशी भरले. आकडा टोकांसकटचा असतो. पत्र लिहिलं नाही ते बरं झालं.

आता सांधा. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापासून तो सैल होऊ लागला. टोक आणि केबल यांच्यामध्ये कागदाएवढी फट पडते, त्या फटीत लोकरीचा एखादा तंतू अडकतो. आपण टाका पुढे सरकवायला जातो आणि तो सरकत नाही, ओढला की धागा विस्कटतो. पहिल्यांदा वाटलं लोकर खराब आहे. मग बोट फिरवून पाहिलं तर सांध्यावर नखाला खाच लागली. सांध्याच्या भोकात तो घट्ट करायची चावी घातली, रबराच्या तुकड्यात सुई धरली आणि घट्ट केलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. एका बैठकीत चार-पाच वेळा चावी लागायला लागली. दर दहा ओळींनी हात थांबवून सांधा तपासायचा असेल तर विणण्यातली मजाच जाते. विणता विणता आपण दुसरीकडे बघू शकतो, बोलू शकतो, भाजी शिजली का याचा वास घेऊ शकतो, म्हणून तर हे काम मला आवडतं. या सुयांनी माझी नजर सांध्याला बांधून टाकली. आणि भोगीच्या रात्री मी फक्त यांना बाजरीच्या भाकरीला तीळ लावलेत ना एवढं विचारायला मान वळवली होती.

वहीतलं इथे संपलं. पुढचं फेब्रुवारीत लिहितेय.

ओघळलेले टाके क्रोशाच्या सुईने उचलले. शिडीचा एकेक दांडा खालून वर ओढून घ्यायचा, सुलट बाजूने. दोन तास लागले. दुसऱ्या दिवशी संक्रांत, पण मी सकाळीच कंपनीला मेल टाकला. त्यांनी बिल मागितलं, फोटो मागितले, मग व्हिडिओ मागितला. तिन्ही वेळा एकच प्रश्न होता : चावीने घट्ट केलं होतं का? तिन्ही वेळा मी हो म्हटलं. मग म्हणाले, परत पाठवा, पाठवायचा खर्च तुमचा. मी नकार दिला. वस्तू सदोष असेल तर ती परत न्यायचा भुर्दंड गिऱ्हाइकाने का सोसायचा? एकोणीस दिवस हे चाललं. शेवटी त्यांनी नवी केबल पाठवली, ती ६० ची. माझी तक्रार १०० च्या केबलची होती. पुन्हा मेल, पुन्हा फोटो. १०० ची आली ती फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात.

याच दिवसांत आमच्या आई, म्हणजे माझ्या सासूबाई, पलीकडे भिंतीला टेकून गोधडी शिवत होत्या. त्यांच्या दोन नऊवारी आणि माझ्या पाच जुन्या सुती साड्या, खाली धोतराचं अस्तर. कडेकडेने धावदोरा घालत चारही बाजूंनी आत आत यायचं, ही त्यांची पद्धत. दोरा शिवता शिवता पिळत जातो आणि त्याच्या गाठी पडायला लागतात. तशी वेळ आली की त्या सुई सोडून देतात. सुई दोऱ्याला लोंबकळत स्वतःभोवती गरागरा फिरते, थांबते, आणि दोरा सरळ झालेला असतो. त्यांचं हे मी पंचवीस वर्षं बघतेय. कधी वेगळं लक्ष दिलं नव्हतं.

एका संध्याकाळी त्या माझ्याकडे बघत म्हणाल्या, "अगं, तुझ्या त्या दोरीला पीळ पडलाय बघ. ओळ झाली की तू ते सगळं एकाच अंगाने वळवतीस."

खरंच तसं होतं. समोरून उघडा स्वेटर असल्यामुळे मी गोल विणत नव्हते, दर ओळीनंतर काम पालथं करत होते. आणि दर वेळी घड्याळाच्या काट्यासारखं, एकाच दिशेने. दर ओळीला अर्धा वेढा. पन्नास ओळींत पंचवीस वेढे केबलला बसत होते आणि तो पीळ कुठेतरी निघायला हवा, म्हणून तो सांध्याच्या आट्यांतून निघत होता. केबलच माझा सांधा उघडत होती. मी चावीने घट्ट करायची आणि पुढच्या वीस ओळींत स्वतःच्या हाताने सैल करायची.

त्या दिवसापासून एक ओळ इकडून वळवते, एक ओळ तिकडून. पहिले दोन दिवस हात चुकायचा, मग बसलं. तीन आठवडे झाले, चावी एकदाच लागली. जुनीच केबल लावून पाहिली, तीसुद्धा धरते. म्हणजे मी ज्या केबलसाठी एकोणीस दिवस भांडले ती केबल चांगली होती. हे मी कंपनीला मेल करून कळवलं. सोबत असंही लिहिलं की सेटबरोबरच्या घडीच्या कागदावर चार भाषांत धुण्या-पुसण्याच्या सूचना आहेत, तिथे 'काम आलटून पालटून वळवा' ही एक ओळ छापा. सांधा आट्यांचा आहे आणि सपाट विणणारी बाई तो उघडणार, हे बनवणाऱ्याला माहीत असायला हवं. त्यांनी तीनदा चावीचं विचारलं, वळवण्याचं एकदाही विचारलं नाही. हा राग माझा अजून आहे आणि तो रास्त आहे असं मला वाटतं.

ज्या भोकात चावी घालतात, त्याच भोकाने मला या सेटमधलं सगळ्यात मोठं सुख दिलं. ज्या सुईवर नवे टाके येतात तिच्या सांध्याच्या भोकात एक लांब सुती दोरा ओवून बांधायचा आणि ओळ विणत जायची. ओळ संपते तेव्हा दोरा सगळ्या टाक्यांतून आपोआप गेलेला असतो. मग तो भोकातून सोडवून दोन्ही टोकं लोंबती ठेवायची. पुढे काहीही सुटलं, कितीही उसवावं लागलं, तरी त्या ओळीवर येऊन सगळं थांबतं. मी आईंच्या रिळातला पांढरा गोधडीचा दोरा वापरते, बटणपट्टीचं काम सुरू करण्याआधी एकदा आणि बाह्यांचे टाके वेगळे काढण्याआधी एकदा. खुणेच्या रिंगा लावल्या असतील तर त्या ओळीपुरत्या काढून ठेवा, नाहीतर दोरा रिंगांतूनही जातो आणि त्या तिथेच अडकतात. हा दोरा भोगीच्या आधी माहीत असता तर ३१ टाके ओघळले तरी चार ओळींची शिडी झाली नसती.

केबल घडीत राहून वेटोळी होते, त्यावर कढत पाण्यात अर्धा मिनिट बुडवून ताणून धरणं पुरतं. लाकडी टोकं मात्र काढून घ्या, पाण्यात घालू नका.

आता पैशाचं. आठ जोड्यांपैकी चार महिन्यांत तीन वापरल्या : ४, साडेचार आणि ५ मिमी. ७ आणि ८ मिमीच्या जोड्या पाकिटातून निघाल्याच नाहीत. आपल्याकडे मिळणाऱ्या लुधियानाच्या नेहमीच्या ॲक्रिलिक लोकरीला त्या लागतच नाहीत, विणलं तर मासे धरायचं जाळं होईल. उलट स्वेटरच्या बॉर्डरला सव्वातीन मिमी हवी असते, ती सेटमध्ये नाही. खालची पट्टी शेवटी दोन तुकड्यांत, माझ्या आईच्या १० नंबरच्या अल्युमिनियमच्या सुयांवरच विणली. तीन जोड्या आणि एक १०० ची केबल सुटी घेतली असती तर निम्म्याहून कमी पैशांत भागलं असतं. म्हणून कुणी विचारलं तर मी सेट घ्या म्हणणार नाही. ४ मिमीची टोकं, सव्वातीनची टोकं आणि एक लांब केबल सुटी घ्या. क्रोशाच जास्त करत असाल तर यातलं काहीच लागत नाही, एक चांगल्या मुठीची सुई पुरते. मी याच हिवाळ्यात साखळी आणि खांब या क्रोशाच्या टाक्यांची एक टोपी केली, तिला ना सांधा ना चावी. लोकर मात्र खूप खाल्ली.

एक तक्रार मिटलेली नाही. साडेचारच्या एका टोकाची धातूची कडी लाकडातून डुगडुगायला लागली आहे, आत चिकटवलेलं सुटलंय. त्याचा वळवण्याशी संबंध नाही. कंपनी म्हणते तुम्ही लाकूड धरून पिळलं असेल. पहिल्या महिन्यात रबराचा तुकडा सापडत नव्हता तेव्हा एक-दोनदा तसं केलं असेलही. मी ते नाकारलं नाही, पण बदलून मागितलं आहे आणि उत्तर आलेलं नाही. तोवर यांनी ड्रिपच्या डब्यातलं अराल्डाइट लावून दिलं, एक रात्र सुकवलं. परवापासून डाव्या बाहीवर तीच सुई चालू आहे. उजवी बाही पहाटेच्या शेकोटीला एकदा जाऊन आली, मनगटाला अर्धा इंच लांब भरते. ती तेवढी उसवून आखूड करायची आहे.