'ता' : सात महिन्यांच्या वापरानंतर

चीनमधल्या ईवू शहराच्या घाऊक बाजारात माल उचलायच्या कामाला येऊन सात महिने झाले. एवढ्यात सगळ्यात जास्त वापरून झालेली चिनी चीज म्हणजे एक क्रियापद. 'ता', चिनीच्या चार सुरांपैकी तिसऱ्या सुरातलं, आवाज खाली दाबून म्हणायचं. रोमन लिपीत 'डी' लिहितात, पण कानाला 'त'च लागतो. आणि 'टी' लिहितात तिथे 'थ'. आपले त आणि थ बाराखडीपासूनच वेगळे, त्यामुळे हा फायदा फुकटात.

कोशात पहिला अर्थ 'मारणे'. म्हटलं, मग काय, घरचंच आहे! आपणही फोन मारतो, शिक्का मारतो, चक्कर मारतो. इथेही फोन 'ता', टायपिंग 'ता', बास्केटबॉल 'ता'. पहिला महिना या भरवशावर झक्कास गेला.

मग एकदा गोदामात हमाल दिसेना. मुकादमबाईंना म्हणालो, "वो ता था." मला म्हणायचं होतं, मी त्याला हाक मारतो. त्यांनी ऐकलं, मी त्याला मारतो. हातातली चिकटपट्टी अर्धवट ओढलेली, आणि बाई माझ्याकडे बघतायत. हाकेला 'च्याओ' लागतं. फोन करायचा तर 'ता'नंतरचं 'त्येन्ह्वा', म्हणजे फोन, गिळायचं नाही, नाहीतर पुन्हा मारामारीच.

तेव्हापासून 'मारणे'ची किल्ली बाजूला ठेवली. कारण मिठी, उडी, गप्पा यांतल्या एकालाही इथे 'ता' चालत नाही. उलट छत्री धरणं 'ता', स्वेटर विणणं 'ता', शिंकणं 'ता', इंजेक्शन 'ता', ढग गडगडले तरी 'ता'. पाणी 'ता' म्हणजे थर्मास भरून आणणं, बांधकामावर पाणी मारतात तसलं काही नाही. अकराव्या शतकात ओउयांग श्यू या सोंग राजवटीतल्या चिनी विद्वानानेही तक्रार लिहून ठेवली आहे, की लोक होडी बांधायला, मासे धरायला, छत्री धरायला, सगळ्यालाच हा शब्द लावतात. हजार वर्षांत फरक शून्य.

खिशाला चाट बसली ती 'ता पा च' या सवलतीच्या पाटीमुळे. पा म्हणजे आठ. ३०० युआनचं जाकीट, पाटीवर आठ; मी ८० टक्के सूट धरून ६० युआनच्या तयारीत. गल्ल्यावर आकडा आला २४०. इथे सूट सांगत नाहीत, किंमत दहापैकी किती भाग उरली ते सांगतात. जाकीट घेतलं, लाजेखातर.

सगळ्यात आवडता वापर 'ता पाव'. उरलेलं जेवण बांधून द्या, एवढाच अर्थ. पण दिवसभर नूडल्स खाल्लेल्या माणसाला शेवटचा 'पाव' ऐकून काय होतं ते डोंबिवलीकरालाच कळेल. 'ता च्यांग्यौ'ही मजेशीर: मूळ अर्थ सोया सॉस आणायला जाणं. २००८ साली क्वांगचौ शहरात टीव्हीवाल्यांनी रस्त्यात एकाला गाजत्या प्रकरणावर मत विचारलं. तो म्हणाला, माझा काय संबंध, मी सॉस आणायला निघालोय. तेव्हापासून 'आपण नुसते बघे' असाही अर्थ चिकटला.

उणी बाजू एकच. 'ता स्वान' म्हणजे बेत करणं, 'ता थिंग' म्हणजे चौकशी करणं. इथे मारण्याचा मागमूसही नाही, घोकण्याशिवाय इलाज नाही. फुटबॉलला 'थी', म्हणजे लाथ. तिथे पुन्हा फसलो. पाचपैकी साडेचार.

मुकादमबाई मात्र माझ्या तोंडून 'ता' निघाला, की वाक्य पुरं होईपर्यंत हातातलं काम थांबवतात.