यात्री निवासाच्या खोल्यांसाठी वाफ की हायपोक्लोराइट?

नवरात्रात किंवा जोतिबाच्या चैत्र यात्रेच्या दिवसांत कोल्हापुरात खोल्या भाड्याने देणाऱ्यांना हा अनुभव नवा नाही: एक कुटुंब चावी परत देते, तेव्हा दुसरे सामानासह जिन्यात उभे असते, आणि मधल्या वेळात खोली विषाणूंच्या दृष्टीनेही निर्धोक करून द्यायची असते. माझ्या छोट्या यात्री निवासात मी सोडियम हायपोक्लोराइट (म्हणजेच ब्लीच) आणि वाफेचे यंत्र ही दोन्ही साधने वापरली आहेत. ज्यांना यांपैकी एकाचाच विचार करायचा आहे, त्यांच्यासाठी हे टिपण.

परिणामाविषयी शंका घेण्याचे कारण नाही. करोनाकाळात, २०२० साली, केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने सार्वजनिक जागांतील पृष्ठभागांसाठी एक टक्का हायपोक्लोराइट सुचवले होते आणि जिथे ते चालत नाही अशा धातूच्या वस्तूंसाठी ७० टक्के अल्कोहोल. त्याच वर्षीच्या एका प्रयोगात करोनाचा विषाणू द्रवामध्ये ७० अंश सेल्सिअसला पाच मिनिटांत निष्क्रिय झालेला आढळला. उलट्या-जुलाबांचा नोरोविषाणू अधिक चिवट. त्याला मेदाचे आवरण नसल्यामुळे तो अल्कोहोलला फारशी दाद देत नाही. त्याच्यासाठी अमेरिकेची सीडीसी ही रोगनियंत्रण संस्था कठीण पृष्ठभागांवर ब्लीच सांगते आणि गालिच्यासारख्या वस्तूंना ७० अंशांची वाफ पाच मिनिटे किंवा १०० अंशांची एक मिनिट.

माझा कौल ठरला तो एका क्षुल्लक वाटणाऱ्या त्रासामुळे, तो म्हणजे तिसऱ्यांदा पुसणे. मळ असेल तर हायपोक्लोराइटची ताकद मळावरच खर्ची पडते, म्हणून आधी साबणाने पुसायचे. मग द्रावण लावून दहा मिनिटे ओले ठेवायचे. आणि शेवटी साध्या पाण्याने सगळे पुन्हा पुसून काढायचे. गर्दीच्या दिवशी हे शेवटचे पुसणे हमखास राहते, आणि त्यात सफाईच्या मावशींना दोष देण्यात अर्थ नाही, कारण खोली तोवर स्वच्छ दिसू लागलेली असते. परिणाम महिन्याभराने दिसतो: न्हाणीघरातल्या स्टीलच्या दांडीवर तांबूस ठिपके, बिजागऱ्यांना गंज, आरशाच्या कडेने काळी रेघ आणि काळ्या ग्रॅनाइटवर पांढरट ओघळ. वर बंद खोलीतला तो दवाखान्यासारखा वास, ज्यामुळे आलेला पाहुणा पहिल्यांदा खिडकी उघडतो. शिवाय शौचालयाच्या ॲसिडशी गाठ पडली तर क्लोरीन वायू तयार होतो, हे नव्या माणसाला दरवेळी सांगावे लागते.

वाफेला हे काही लागत नाही. वाफेचे पाणी होताना ती आपला अप्रकट उष्मा पृष्ठभागाला देते, त्यामुळे तितक्याच तापलेल्या कोरड्या हवेपेक्षा तिचे काम कितीतरी लवकर होते, आणि मागे उरते ते फक्त थोडे पाणी. गादी आणि सोफा या ब्लीचला वर्ज्य असलेल्या वस्तूही तिच्या आवाक्यात येतात. कोल्हापूरच्या उंचीवर पाणी साधारण ९८ अंशांना उकळते, पण त्याने काही बिघडत नाही. खरा फरक पडतो तो नोझल आणि पृष्ठभाग यांतील अंतराने. वितभर लांबून फिरवलेली वाफ वाटते गरम, पण तोवर ती बरीच निवालेली असते. दाराच्या कडीवर नोझल जवळ धरून मनात साठ आकडे मोजावे लागतात, आणि हा संयम सगळ्यांकडे असेलच असे नाही.

म्हणून ज्यांच्याकडे नुसती फरशी आणि टाइल्स आहेत, त्यांना कदाचित हायपोक्लोराइटच सोयीचे आणि निश्चितच स्वस्त पडेल. वाफेने सनमायकाच्या कडा सुटतात, बटणांच्या पाटीजवळ ती नेताच येत नाही, आणि बोअरचे पाणी जड असेल तर बॉयलरमध्ये क्षार बसतात. फरशीवर कोणाला उलटी झाली तर जोराची वाफ ती उडवते. तिथे हातमोजे घालून आधी सगळे टिपून घ्यावे आणि ब्लीचच वापरावे. तेवढ्यासाठी एक लहान बाटली मीही ठेवतो. मात्र लाकडी पलंग, जाड गाद्या आणि स्टीलचे नळ असलेल्या खोल्यांसाठी मला विचाराल, तर मी यंत्राकडे बोट दाखवीन. फक्त जुलै-ऑगस्टमध्ये वाफ दिलेली गादी इथल्या दमट हवेत लवकर सुकत नाही, तेव्हा ती उभी करून पंखा लावण्याइतका वेळ हिशोबात धरावा.