बेचाळीस फुटांत किती घर मावते?

समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर, नागपुरात राहणाऱ्या आमच्या कुटुंबाने सुट्टीसाठी शिडाची नौका भाड्याने घेण्याचा विचार केला, तेव्हा ‘लगून ४२’ ही जुळ्या बुडांची कॅटामरन आणि बेनेटो ओशनिस ४०.१ ही एका बुडाची नौका यांची तुलना करावी लागली. लांबी दोघींची जवळपास सारखीच, पावणेतेरा मीटरच्या आसपास. रुंदी मात्र पहिलीची ७.७० मीटर आणि दुसरीची ४.१८ मीटर आहे.

सारा फरक इथेच पडतो. कॅटामरनची बैठक डेकच्याच पातळीवर असून तिला चहूबाजूंनी खिडक्या असल्यामुळे भाजी चिरतानाही क्षितिज दिसते, शिवाय नौका फारशी कलत नसल्याने ताटातली आमटी ताटातच राहते. ओशनिसमध्ये बैठकीसाठी जिना उतरावा लागतो. तिथे उजेड कमी, आणि वारा वाढला की सारे घर एका बाजूला झुकते. म्हणूनच अशा नौकांत शेगडी झुलती बसवतात. धरमपेठेतल्या बिऱ्हाडात अशी सोय कोणाला सुचणार!

तथापि, कॅटामरनच्या झोपण्याच्या खोल्या दोन अरुंद बुडांत विभागलेल्या असतात, बुडांना जोडणाऱ्या मधल्या तळावर लाटा आपटल्याचा आवाज रात्री जाणवतो आणि सामान वाढले की तिचा वेग चटकन घटतो. नुसते शिडे हाकण्याची हौस असती, तर मी ओशनिस निवडली असती. परंतु आई-बाबांसह सहा जणांना आठवडाभर राहायचे असल्याने माझे मत ‘लगून’लाच आहे.